आठ सेकंदांची फी

आमची कुत्री घरात एकटी राहीना म्हणून कुत्र्यांची वागणूक सुधारणाऱ्या एका मॅडमना बोलावलं. पहिल्या भेटीचे २,५०० रुपये घेऊन त्यांनी मला सांगितलं काय, तर दाराबाहेर जा, आठ सेकंद उभ्या राहा आणि परत आत या. बस. अस्तराच्या ब्लाउजचे मी ४५० घेते आणि त्यात दोनदा फिटिंग करून देते. मनातल्या मनात भागाकार केला, सेकंदाला तीनशे रुपयांच्या वर पडले. त्या दिवशी कुणी मत विचारलं असतं तर मी पाचपैकी एकसुद्धा तारा दिला नसता. आज सात महिन्यांनी चार देतेय. पाचवा का नाही, तेही सांगते.

आमची गवती देशी कुत्री. मागच्या बंगल्यातल्या गवती चहाच्या आळ्यात भर जुलैच्या पावसात सापडली, म्हणून गवती. मी घरीच शिवणकाम करायचे, त्यामुळे ती वाढली माझ्या मशीनखाली. पायडलच्या आवाजात झोपायची, चिंध्यांच्या पिशवीत नाक खुपसून. आठ महिने ती घरात एक मिनिटसुद्धा एकटी नव्हती. हे तेव्हा लक्षातच आलं नाही, उलट किती गुणी पोर आहे म्हणून मी मिरवत होते. मार्चमध्ये सिंहगड रोडला गाळा भाड्याने घेतला आणि पहिल्या दिवशी दोन तासांनी परत आले, तर दाराचा खालचा भाग कोरून काढलेला, दारापाशी लाळेचं थारोळं, पुढच्या पायाची दोन नखं रक्ताळलेली. समोरच्या आजी म्हणाल्या, "अगं, भुंकत नाही ती, माणसासारखी रडते. मला ऐकवेना."

सल्ले फुकट मिळतात. सूड उगवते म्हणे. लाडावून ठेवली म्हणे. मग ह्यांच्या ऑफिसातल्या एकाने एक ट्रेनर सुचवला. नाव लिहीत नाही. महिन्याचे वीस क्लास, १२,००० रुपये आगाऊ. गळ्यात आवळणारी साखळी घालून त्याने 'बस', 'थांब' आणि 'शेकहँड' शिकवलं. त्याच्यासमोर गवती अगदी परेडच्या शिपायासारखी. तो गेला, मी चप्पल घातली की पुन्हा तेच. त्यावर त्याचा उपाय पिंजरा. "आठ दिवस रडू द्या, नवव्या दिवशी गप्प बसेल." चौथ्या दिवशी तिने पिंजऱ्याची तार चावून सुळ्याचा टवका उडवला. पिंजरा भंगारात दिला. खरं तर पहिल्याच दिवशी द्यायला हवा होता, ते माझ्या मनाला अजून लागून आहे. शेकहँड मात्र ती आजही करते, कुणी न मागता.

दात दाखवायला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेले, तिथून मॅडमचा नंबर मिळाला. त्यांचं नाव इथे टाकत नाही, कारण त्यांनीच नको म्हटलंय. आधीच महिना-दीड महिन्याचं वेटिंग असतं. पण अशा कामाचे पैसे कुणी मागितले तर त्यात काय असायला हवं, ते कळावं म्हणून एवढं लिहितेय.

येण्याआधीच त्यांनी व्हिडिओ मागितला. कॅमेरा घेऊ नका म्हणाल्या, जुना फोन असेल तर चालेल. मी जुना फोन बॉबीनच्या डब्याला टेकवून ठेवला, व्हिडिओ कॉल लावला आणि जिन्यात जाऊन बसले. त्या चार मिनिटांइतकं काही मला कुणी शिकवलेलं नाही. मला वाटत होतं, अर्ध्या तासाने कंटाळून रडत असेल. छे. कडी लागल्या क्षणी ती दाराशी. पंधराव्या सेकंदाला धापा, घरात पंखा चालू असताना. मग खिडकी, दार, खिडकी, दार. तिच्यासाठी ठेवलेलं हाड होतं, त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दीड मिनिटाला हनुवटीवरून लाळ टपकायला लागली. तीन मिनिटं झाल्यावर मान वर करून तिने जो सूर लावला, तो मी जिन्यात फोनमधूनही ऐकत होते आणि दारातूनही.

मॅडमचं म्हणणं, कंटाळलेलं कुत्रं आधी झोपतं, मग उशी फाडतं. हे घाबरणं आहे. ह्यात राग नाही, सूड नाही, आणि 'बस' म्हणून ते थांबणार नाही, जसं पाण्यात बुडणाऱ्याला बस म्हणून उपयोग नाही. हे बोलण्याचे वेगळे पैसे द्यायलाही माझी हरकत नव्हती.

दुसऱ्या भेटीत त्या नुसत्या कोपऱ्यात बसून राहिल्या. तासभर. मला म्हणाल्या, "ताई, रोज निघता तशा निघा." मी निघण्याची सगळी तयारी केली. किल्ल्या उचलल्या, गवती पडून. चप्पल घातली, ती उठली खरी, पण आधीपासूनच कान मागे होते. "परत एकदा," मॅडम म्हणाल्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी बोट दाखवलं. माझ्या गळ्यात दिवसभर मापाची टेप असते, तुम्हाला कुठल्याही शिवणाऱ्या बाईच्या गळ्यात दिसेल. बाहेर जाताना मी ती काढून मशीनच्या खिळ्याला अडकवते. हे मला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, हात आपोआप जातो. टेप गळ्यावरून सरकली की गवतीच्या मागच्या मांड्या थरथरायला लागायच्या. किल्ल्या, चप्पल, पर्स हे सगळं नंतरचं. तिच्या लेखी मी घराबाहेर पडायचे ती टेप काढल्या क्षणी.

मग पंधरा दिवस माझा उद्योग म्हणजे टेप काढायची, खिळ्याला लावायची आणि पुन्हा मशीनवर बसून काम करायचं. दिवसातून वीसेक वेळा. ह्यांना वाटलं, मलाच काहीतरी झालंय. नवव्या की दहाव्या दिवशी टेप काढली तर गवतीने एक डोळा उघडला आणि मिटला. एका गिऱ्हाइकाच्या बाही-मुंढ्याचं माप घेत होते मी, तिथेच डोळ्यात पाणी आलं. गिऱ्हाईक बिचारं घाबरलं, तिला वाटलं माप वाढलंय म्हणून मला वाईट वाटतंय.

आणि ते आठ सेकंद. व्हिडिओत आठव्या सेकंदापर्यंत ती नुसती दाराकडे बघत होती, धापा सुरू व्हायच्या होत्या. म्हणून आठ. तिला भीती वाटायच्या आत परत यायचं, हा सगळ्याचा गाभा. मापाच्या वहीच्या मागच्या पानांवर माझे आकडे आहेत: ८, ५, ११, ८, ४, १५. दरवेळी वाढवत नेलं तर तिला ते कळतं आणि ती वाटच बघत बसते, म्हणून मध्ये सोपे घालायचे. झोप नसताना जांभई, ओठ चाटणं, कान मागे, यातलं काही दिसलं की पुढच्या खेपेला कमी करायचं. चाळीस सेकंदांवर आम्ही अकरा दिवस अडकलो. मग लक्षात आलं, नेमकं तेवढ्यात मी लिफ्टपाशी पोचायचे आणि लिफ्टचं जाळीचं दार वाजायचं. मग लिफ्टचं दार वाजवायचं आणि लगेच परत यायचं, असा वेगळा धडा. सोसायटीच्या वॉचमनने एकदा विचारलंच, "ताई, लिफ्ट बिघडली काय?" पाच मिनिटांपर्यंत जायला सहा आठवडे लागले. अर्धा तास ओलांडल्यावर उड्या मोठ्या पडल्या. आज ती पावणेतीन तास एकटी राहते, त्यातले दोन तास झोपते, आणि मी गाळ्यात बसून अजूनही मधूनमधून फोनमध्ये डोकावते. गरज नाही, पण सवय लागली.

यातली अवघड अट अशी की, हे चालू असताना कुत्र्याला जमतंय त्याहून जास्त वेळ एकटं सोडायचंच नाही. एकदाही. नाहीतर सहा दिवसांची कमाई एका दुपारी जाते. आमची एकदा गेली, मयताला जावं लागलं होतं. पोटापाण्यासाठी बाहेर पडणाऱ्या माणसाने हे करायचं कसं, यावर मॅडमकडे चांगलं उत्तर नव्हतं, आणि माझा पहिला अर्धा तारा इथे कापला. उत्तर आम्हीच शोधलं. ह्यांची सकाळपाळी असली की दुपार ह्यांची. खालच्या मजल्यावरची अकरावीतली पोरगी अभ्यासाला आमच्या घरी येऊन बसायची, दिवसाला १०० रुपये. आणि समोरच्या आजी, ज्या तक्रार करतील म्हणून मी घाबरत होते, त्यांनी आपणहून मंगळवार-शुक्रवार घेतला. येऊन पोथी वाचायच्या, गवती पायाशी पडून ऐकायची. तरी गाळा चार महिने अर्धाच दिवस उघडा होता. तो तोटा कुठल्याच फीमध्ये धरलेला नसतो, तो तुम्ही धरा.

गोळीचंही सांगते, कारण त्यावर लोक कुजबुजतात. तिसऱ्या आठवड्यात मॅडमनी आम्हाला परत डॉक्टरांकडे पाठवलं आणि त्यांनी फ्लुओक्सेटिन सुरू केलं. माणसांना नैराश्यासाठी देतात तीच गोळी. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "कुत्रीला वेड्याची गोळी?" पहिले दहा दिवस तिने अर्धंच खाल्लं आणि जरा मलूल होती, तेव्हा मलाही जाऊबाईंचंच खरं वाटायला लागलं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं की परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि मनाने बंद करायची नाही. पाचव्या आठवड्यात तिचा श्वास बदलला. दुसरा शब्द नाही माझ्याकडे. दारापाशी उभी राहायची, पण श्वास संथ. नुसत्या गोळीने काही झालं नसतं, आणि गोळीशिवाय आम्ही अजून त्या चाळीस सेकंदांवरच असतो, असं माझं मत.

आता विकत घेतलेल्या वस्तू. काँग कंपनीचं लाल, आतून पोकळ रबरी खेळणं चांगलं आहे, सात महिने चावून दात उमटले नाहीत. दहीभात दाबून भरायचा, रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवायचा, सकाळी वीस मिनिटं निवांत मिळतात. भातात कांदा आलेला नको, मनुका तर नकोतच, ते कुत्र्यांना विष. पण एकटेपणाच्या भीतीवर हा उपाय नाही. घाबरलेलं जनावर खात नाही. मी घरात नसताना तो भात तसाच विरघळून फरशीवर यायचा, आणि मी दार उघडल्यावर ती आधी माझ्या अंगावर आणि मग त्याच्यावर तुटून पडायची. उलट हे आता उपयोगी पडतं: खाल्लं असेल तर समजायचं, आज बरी होती.

अंगाला घट्ट बसणारं ते 'शांत करणारं' जॅकेट १,८०० ला बघून मी घरीच होजिअरीच्या कापडात शिवलं. शिलाई उत्तम. परिणाम शून्य. थंडीत घालते आता.

हार्नेसवर, म्हणजे कुत्र्याच्या छाती-कंबरेला बांधायच्या पट्ट्यांवर, माझा राग आहे आणि तो धंद्यातला राग आहे. दोन मागवले, दोन्ही 'मीडियम', दोन्ही लॅब्रॉडोरच्या बांध्यावर कापलेले. आपल्या देशी कुत्र्यांची छाती खोल आणि कंबर बारीक असते. गवतीची छाती २३ इंच, कंबर १७. छातीला बसवला तर मागे झोळ, कंबरेला बसवला तर काखेत काचतो. एकदा तर रस्त्यात मागे सरकून बनियन काढावं तशी ती त्यातून बाहेर आली. शेवटी दुसऱ्या हार्नेसला मीच, ब्लाउजला डार्ट घालतात तसं करून, कंबरेचा पट्टा तिरका लावला आणि काखेखाली फलालीनचं अस्तर दिलं.

हार्नेस लागला तो दुसऱ्या भानगडीसाठी, पाठलागासाठी. दहा महिन्यांची झाल्यावर गवतीच्या अंगात काहीतरी संचारलं. मांजर, दुचाकी, सायकलवरची पोरं, जे पळेल त्याच्या मागे. यात चूक माझी. घरी शांत राहावी म्हणून मी तिला दमवायला जायचे, कालव्याच्या कडेच्या मोकळ्या प्लॉटवर तासभर चेंडू फेकायचे. दमली की झोपेल, असा साधा हिशोब. मॅडमनी तो पहिल्याच फटक्यात खोडला. रोज तासभर तिला पाठलागाचाच सराव देताय, म्हणाल्या, आणि अंग दमलं तरी डोकं तापलेलंच राहतं. आम्ही वहीत ताडून पाहिलं. चेंडूच्या दुसऱ्या दिवशी सकाळचे आकडे खरंच पडलेले होते. चेंडू बंद केला आणि त्याऐवजी लांब दोरीवर अर्धा-पाऊण तास नुसतं हुंगत फिरणं. घरी आली की आपणहून आडवी.

ती दोरी येण्याआधी एक प्रकार झाला. जूनमध्ये त्याच प्लॉटवर एक आजोबा शेळ्या चारत होते. गवतीने डोकं खाली घातलं, अंग जमिनीला समांतर केलं, एक पाय उचलून थांबली, आणि मी हाक मारायच्या आत सुटली. बघणं, दबा धरणं, पाठलाग, पकडणं, हे एकामागून एक येतं म्हणे, आणि दबा धरेपर्यंतच हाक ऐकू येते; सुटल्यावर कान बंद. शेळ्या चौखूर उधळल्या, एक करडू कालव्याच्या भिंतीपर्यंत गेलं. चावली नाही, पण आजोबांना ते काय माहीत. ते जागचे हलले नाहीत, फक्त म्हणाले, "बाई, तुमचं कुत्रं बांधा, न्हायतर माझं सोडतो." त्यांचं कुत्रं लिंबाखाली बसलेलं होतं. उठलंसुद्धा नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांना एक किलो गूळ देऊन आले.

दोरी आधी बोहरी आळीतून नायलॉनची आणली, दहा मीटर. पहिल्याच दिवशी गवतीला दुचाकी दिसली आणि दोरी माझ्या तळहातातून सरकली. तीन दिवस कात्री धरता येत नव्हती. मग खाटेची नवार आणली, एक इंची, सुती. टोक दुमडून त्यावर चौकोन आणि चौकोनात फुली, अठरा नंबरची सुई, नायलॉनचा दोरा, फुली तीनदा. पितळी फिरती कडी. ही हाताला कापत नाही, ओली झाली की जड होते एवढंच. कडी कायम हार्नेसच्या पाठीला, गळपट्ट्याला कधीच नाही. दहा मीटर धावून बसणारा हिसका मानेवर नको. समोर काही दिसलं की मान खाली जायच्या आत जिभेने 'टॉक' करायचं आणि वळून बघितलं की उकडलेल्या चिकनचा तुकडा. टॉक झाल्यावर चिकन चुकलं असं एकदाही नाही. दुचाकीला आता ती दहातल्या नऊ वेळा माझ्याकडे बघते. मांजराला पाच. शेळी दिसली तर मीच रस्ता बदलते.

कुत्र्यांशी खेळतानाचा आडदांडपणाही होता. खांदा मारून पाडायचं आणि मानेला धरायचं. मॅडमची परीक्षा सोपी आहे: दांडगोबाला धरून ठेवा आणि दुसऱ्याला मोकळं सोडा. तो परत खेळायला आला तर खेळ, निघून गेला तर छळ. बी विंगमधला पांढरा पॉमेरेनियन कुत्रा बाकाखाली जाऊन बसला आणि बाहेरच येईना. म्हणजे मी महिनाभर 'खेळतायत' म्हणून कौतुकाने जे बघत होते ते काय होतं, बघा. आता ती फक्त कोपऱ्यावरच्या काळ्याशी खेळते, तोही तिला तितकंच आपटतो, आणि दर अर्ध्या मिनिटाला आम्ही हाक मारून थांबवतो.

हिशोब. पहिली भेट २,५००, नंतरच्या पाच प्रत्येकी १,५००. दर आठवड्याला व्हिडिओ पाठवायचा, तो बघून फोन करायचे वेगळे ३००, असे चौदा आठवडे. एकूण १४,२००. साखळीवाल्यापेक्षा २,२०० जास्त. उरलेला अर्धा तारा त्या ३०० रुपयांचा नाही, तर ते आधी न सांगण्याचा आहे. मी फॉल-पिकोचे पैसे आधी सांगते. आणि वेळ अकराची दिली की बारा वाजता येणार. सहापैकी पाच वेळा.

बाकी ज्यांच्या देशी कुत्र्यांना बाजारातले हार्नेस बसत नाहीत त्यांनी मापं पाठवा: गळा, छाती पुढच्या पायांच्या मागून, कंबर आणि पाठ. टेप कुत्र्याला आधी हुंगू द्या. शिलाई ३५०, कडी तुमची तुम्ही आणायची.